कालची चूक

कुणाचा राग ऐकायचा असेल तर हातात काहीतरी गरम असावं, असा हेमलताबाई तगारेंचा अनुभव होता. म्हणून स्टुडिओतून घरी आल्या आल्या त्यांनी चहा टाकला, आलं जरा जास्तच ठेचून घातलं, आणि कप घेऊन फोनसमोर बसल्या. रशीदाचा फोन येणार होता. साठ वर्षं मैत्री असलेल्या बाईच्या घरावर आज आपण जाहीरपणे नांगर फिरवला, आणि तिनं तो टीव्हीवर बघितला असणार.

प्रश्न मिरजेतला होता. स्टेशनाकडून दवाखान्यांकडे जाणारा रस्ता सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चिंचोळा होत होता. तिथं ॲम्ब्युलन्स अडकायच्या, आणि आतली माणसं वाटेतच जायची. तिथून अठरा मीटरचा रस्ता काढायचं घाटत होतं. त्यात गल्लीतली तीसच्या तीस घरं जात होती, आणि गल्ली म्हणत होती, एक वीट हलू देणार नाही. हेमलताबाई त्याच गल्लीला खेटून असलेल्या घरात वाढलेल्या. तीन आठवडे त्यांनी नकाशे बघितले, टेप धरून रस्ता मोजला, दोन्हीकडच्या माणसांशी बोलल्या. आणि आज सातच्या कार्यक्रमात मत सांगून मोकळ्या झाल्या. रस्ता हवाच, पण अठरा कशाला, बारा मीटर पुरतो. समोरच्या एका खासगी दवाखान्यानं गाड्या लावायला दाबलेली जागा सोडवून घ्या, आणि गल्लीनं पूर्वेकडची सात घरं द्यावीत.

त्या सातांतलं तिसरं घर रशीदाचं.

फोन वाजला.

"हेमे, जेवलीस का? आज मी बिर्याणी टाकलीया बघ. तुझ्या नावानं."

हेमलताबाईंना वाटलं, हा टोमणा. रशीदाचे टोमणे असेच गोडाधोडातून निघायचे.

"बोल बाई, काय बोलायचं ते. मी ऐकते."

"काय बोलू? जावयानं शिट्टी मारली घरात. मी म्हटलं, पहिलीपास्नं माझी पाटी पुसत आलीया ती. एक वीट हलणार नाही म्हणालीस, तवा माझ्या डोळ्याला पाणीच आलं गं."

"मी असं म्हणाले?"

"मग काय मी म्हणाले? आणि एक बरं केलंस. ते शेवटाला चुका सांगायचं खूळ सोडलंस. वर्ष झालं असंल. रोज उठून लोकांपुढं नाक कशाला घासायचं?"

चहा तसाच राहिला.

ते खूळ पंचेचाळीस वर्षांचं होतं. नोकरीच्या सुरुवातीला, बातम्या वाचायच्या खोलीत एकच कॅमेरा होता त्या काळी, हेमलताबाईंनी घाटातल्या बस अपघाताची बातमी वाचली होती. मेलेल्यांच्या यादीत ड्रायव्हरचं नाव चुकून आलं होतं. ड्रायव्हर रात्रभर दरीतल्या लोकांना वर काढत होता, आणि इकडे त्याच्या बायकोनं बातमी ऐकून बांगड्या फोडल्या होत्या. तो दुसऱ्या दिवशी जिवंत घरी आला. हेमलताबाई त्या घरी जाऊन आल्या, बांगड्यांच्या काचा अंगणात तशाच पडलेल्या बघून आल्या, आणि त्या संध्याकाळी बातम्यांच्या शेवटी म्हणाल्या, "कालची चूक." तेव्हापासून रोज एक चिठ्ठी. चूक नसेल तर "काल चूक सापडली नाही, तुम्हाला सापडली तर कळवा." लोक पोस्टकार्डं पाठवून कळवायचे. एका मास्तरांनी अकरा वर्षं कळवलं.

आजही चिठ्ठी होती. काल 'महिन्याला सोळा ॲम्ब्युलन्स अडकतात' असं त्या म्हणाल्या होत्या, खरा आकडा अकरा होता. ती वाचून दाखवूनच त्या स्टुडिओतून उठल्या होत्या.

दहा मिनिटांनी नानांचा फोन आला. नाना म्हणजे मोठे भाऊ, मिरजेतच असतात, दवाखान्याच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी सुमनवहिनी त्याच गल्लीच्या तोंडाशी, अडकलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये गेल्या. एकोणीस मिनिटं. समोर तंबोऱ्यांच्या भोपळ्यांचा टेम्पो उलटा लागला होता. तेव्हापासून नानांनी त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि रशीदाला ओळखही दाखवली नव्हती.

"हेमा, वहिनीच्या मरणाचं सार्थक केलंस," नाना म्हणाले. "अठरा मीटरच हवा म्हणालीस. तीसही घरं उठवा म्हणालीस. मला वाटलं होतं, मैत्रिणीपायी कच खाशील."

त्या संध्याकाळी हेमलताबाईंनी आणखी चौघांना फोन केले. चौघांनीही त्यांचं अभिनंदन केलं, आणि चौघांनी ऐकलेलं निरनिराळं होतं.

*

"बसा ना ताई," दुसऱ्या दिवशी ऋतुजा देवल म्हणाली. ऋतुजा नवरेषा वाहिनीची संपादक. पंचवीस वर्षांपूर्वी ती हेमलताबाईंच्या हाताखाली बातमी लिहायला शिकली होती, आणि पहिल्या बातमीतली सगळी विशेषणं खोडल्यावर रडली होती.

"उभीच बरी आहे. माझ्या तोंडी शब्द कोण घालतं ते सांग."

ऋतुजानं आढेवेढे घेतले नाहीत. "अनुरूप."

अनुरूप हे यंत्र हेमलताबाईंना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. त्या पुण्यात प्रमाण मराठीत बोलायच्या, आणि भंडाऱ्याच्या घरात ते झाडीबोलीत ऐकू जायचं, मालवणात मालवणीत. आवाज त्यांचाच, ओठही शब्दांप्रमाणे हलायचे. प्रक्षेपण तीन सेकंद उशिरा जायचं. तेवढ्या वेळात यंत्र वाक्य ऐकायचं, त्याचा अर्थ लावायचं, आणि त्यांच्या हजारो तासांच्या जुन्या फितींवरून घेतलेल्या आवाजात आणि चेहऱ्यात ते नव्यानं घडवायचं. एका म्हातारीनं लिहिलं होतं, टीव्ही पहिल्यांदा माझ्या आईसारखा बोलला. ते पत्र वाचून हेमलताबाईंनी करारावर सही केली होती. करार बारा पानी होता. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि शेवटच्या पानावर सही केली. लोकांच्या चुका काढण्यात हयात गेलेल्या बाईनं.

"सातव्या पानावर आहे," ऋतुजा म्हणाली. "बोली, शैली आणि आशय-सुलभता."

"आशय-सुलभता म्हणजे?"

"टीव्हीवरचा डोळा खोलीत कोण बसलंय ते बघतो. चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त प्रत्येक ठोक्याला कणभर रंग बदलतं. आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं. त्यावरून नाडी कळते. कुठल्या वाक्याला माणूस आवळला, कुठल्या वाक्याला रिमोटकडे हात गेला, हे सगळं साठत जातं. मग ते वाक्य त्या घरापुरतं मऊ करतात. सुरुवातीला मऊच करत होतो, ताई. खरंच. मग कळलं की उलटं केलं तर माणूस अजून थांबतो."

"आणि कालची चूक?"

"ती वाचली की सगळीकडेच नाडी मंदावायची, म्हणून गाळली. लोकांना तुम्ही चुकलेल्या आवडत नाही."

हेमलताबाई आता बसल्या. "म्हणजे मी जे बोलले ते कुणीच ऐकलं नाही."

"ऐकलं काही जणांनी. खोलीत एकमेकांच्या विरुद्ध मतांची माणसं एकत्र बसली असली, तर कुठलीच आवृत्ती सगळ्यांना धरून ठेवत नाही. एक खूश झाला की दुसरा उठतो. मग यंत्र मूळच सोडून देतं. एस.टी. स्टँडवर होतं तसं, दवाखान्यांच्या बाकांवर. हजारात चार ठिकाणी."

"पूर्वी हजारात हजार ठिकाणी व्हायचं," हेमलताबाई म्हणाल्या.

त्यांना रशीदाच्या अब्बांचा कारखाना आठवला. गल्लीतला पहिला टीव्ही तिथं आला होता. सातच्या बातम्यांना भोपळ्यांच्या आणि लाकडाच्या भुश्श्याच्या वासात पन्नास माणसं बसायची. एकमेकांच्या विरोधात निवडणूक लढवलेली दोन माणसं एकाच सतरंजीवर. कौलांवर चढून कुणीतरी अँटेना फिरवायचं आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं, गेलं." मग बातमी लागायची आणि भांडण सुरू व्हायचं. पण सगळ्यांनी ऐकलेलं एकच असायचं.

"मी आज सातला हे सांगणार," त्या म्हणाल्या.

"सांगा." ऋतुजाच्या आवाजात दमदाटी नव्हती, आणि तेच वाईट होतं. "तुम्हाला अडवायचीसुद्धा गरज नाही, ताई. ते कुणाच्या घरात पोचणारच नाही. त्यांना तुम्ही दुसरंच काहीतरी छान बोलताना दिसाल. रागावू नका, पण तुम्हाला एवढं प्रेम कधी मिळालं नव्हतं. राज्यात पहिल्या नंबरावर आहात. पुढच्या पाच वर्षांचा करार तयार आहे."

"मी काय बाळगुटी आहे, पाजली आणि निजवलं?" हेमलताबाई उठल्या. "लोकांनी मला शिव्या घातल्या, ऋतुजा. माझ्या दारात चपला टाकल्या. त्या माझ्या बोलण्याबद्दल होत्या. मला माझ्या वाट्याचा राग परत हवाय."

दारातून त्या वळल्या. "उद्याचा कार्यक्रम मी मिरजेहून करते. दिगंबरला गाडी घेऊन पाठव."

मिरजेहून थेट म्हटल्यावर ऋतुजा लगेच हो म्हणाली. आकड्यांना ते चांगलंच होतं.

*

रशीदा ओसरीवर बसून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावत होती. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, कान भोपळ्याला लावायचा, छेडायचं, परत केसभर सरकवायचं. नवरा गेल्यावर ती हे काम शिकली, आणि आता मोठमोठ्या गवयांचे तंबोरे तिच्याकडे यायचे. मैत्रिणीला बघून तिनं तंबोरा भिंतीला टेकवला.

"आलीस? पुण्याचं पाणी मानवत नाही वाटतं. वाळलीस."

हेमलताबाईंनी चहाची वाट बघितली नाही. परवा आपण काय बोललो, ते त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. बारा मीटर. सात घरं. तिसरं तुझं. आणि यंत्राचंही सांगितलं.

रशीदा हसली. "थट्टा पुरे."

"थट्टा नाही."

"अगं, मी डोळ्यांनी बघितलं. तूच होतीस. ही राखी साडीच होती. हिकडं घरातली सहा माणसं साक्षीला हायत." मग तिचा चेहरा बारीक झाला. "का कुणी दम दिला तुला? आता शब्द फिरवायला आलीस होय?"

पंचेचाळीस वर्षं लोकांनी टीव्हीवरच्या हेमलताबाईंवर विश्वास ठेवावा म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आज त्या समोर बसल्या होत्या, आणि रशीदाचा विश्वास टीव्हीतल्या बाईवर होता.

"आज सातला टीव्ही कारखान्यात आण," त्या म्हणाल्या. "मी तिथूनच बोलणार. आणि माझ्याबरोबर नाना येतील."

"नाना? हितं?" रशीदानं तार उगाचच छेडली. "येतील तर येऊ देत. मी काय त्यांची वाट अडवली नव्हती. टेम्पो मंगळवेढ्याचा होता, गल्लीतला नव्हता."

नानांना आणणं त्याहून अवघड गेलं. ते आधी नाही म्हणाले, मग पान लावत बसले, मग म्हणाले, "त्या गल्लीत मला ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येतो, हेमा."

"म्हणूनच चल. त्यांना तो कधी कुणी ऐकवलाच नाही."

नाना आले. बरोबर दवाखान्यातले जुने तीन सोबती घेऊन आले, आणि दाराजवळच्या बाकावर चपला पायात ठेवूनच बसले. आतल्या बाजूला गल्ली बसली. वर दोरीला सुकायला टांगलेले भोपळे होते, मधे रशीदाच्या घरचा टीव्ही. कॅमेरामन दिगंबर तीस वर्षं बाईंच्या बरोबर होता. त्यानं विचारलं, "आवाज बंद करू ना टीव्हीचा? घुमेल."

"मोठा कर," हेमलताबाई म्हणाल्या. "घुमू दे."

सात वाजले.

त्या एकेक वाक्य बोलून थांबू लागल्या. "रस्ता व्हायला हवा." तीन सेकंदांनी टीव्हीतल्या हेमलताबाई म्हणाल्या, "रस्ता व्हायला हवा." गल्लीत कुजबुज झाली. "तो बारा मीटरचा पुरतो." टीव्हीतही बारा मीटरच. "त्यासाठी या गल्लीची पूर्वेकडची सात घरं द्यावी लागतील." आणि तीन सेकंदांनी तेच, त्याच आवाजात.

रशीदाच्या मांडीवरचा हात मांडीवरच राहिला. तिचा जावई उभा राहून बोलायला लागला. त्याच्याही वर नानांचा आवाज गेला.

"बारा? परवा अठरा म्हणालीस. एकोणीस मिनिटं, हेमा. एकोणीस मिनिटं सुमन माझा हात धरून होती, आणि तू ह्यांच्यात येऊन सहा मीटर सोडून दिलेस?"

ते उठले. सोबती उठले. बाक कलंडला, आणि चौघं बाहेर पडले.

हेमलताबाईंनी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचं सुचलंच नाही. दोघांनी खरं ऐकलं की झालं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यापुढचा विचार केला नव्हता. पण कार्यक्रम चालू होता, आणि रशीदानं तोंड फिरवलं होतं. तिला तोंडावर सांगितलंच पाहिजे होतं.

"रशीदाचं घर त्या सातांत आहे," त्या म्हणाल्या. 'घर' म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

एक. दोन. तीन.

टीव्हीतल्या हेमलताबाई, तीच साडी, मागे तेच भोपळे, जरा हसून म्हणाल्या, "रशीदाचं घर म्हणजे या गल्लीचा मान आहे. त्याची एक वीट हलणार नाही."

जावई तसाच उभा राहिला. एक बाई हसली आणि मधेच थांबली.

रशीदा उठली. टीव्हीजवळ गेली, आणि भोपळ्याला लावते तसा तिनं टीव्हीला कान लावला.

"परत बोल," ती म्हणाली.

"तुझं घर द्यावं लागेल, रशीदा."

तीन सेकंदांनी टीव्ही म्हणाला, "तुझ्या घराला कुणी हात लावू शकत नाही, रशीदा."

"आवाज तुझाच हाय," रशीदा कान न काढता म्हणाली. "पण घर म्हणताना तुझा फाटतोय. ह्याचा फाटत नाही. असला तंबोरा मी परत पाठवते." ती सरळ झाली आणि तिनं रिकाम्या दाराकडे बघितलं. "नाना होते तवर नीट बोलत होतं."

"हो," हेमलताबाई म्हणाल्या.

हेमलताबाईंच्या कानातल्या बटणातून ऋतुजा बोलत होती. "ताई, काय चाललंय तिथं? हे कुठेच जात नाहीये. कशासाठी करताय?"

"इथं गेलं," त्या म्हणाल्या, आणि बटण काढून दिगंबरच्या खिशात टाकलं.

रशीदा चप्पल न घालता बाहेर पडली. नाना लांब गेले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी, ॲम्ब्युलन्स जिथं अडकली होती तिथंच उभे होते. दोघं काय बोलले ते आत ऐकू आलं नाही. वेळ लागला. दिगंबरनं कॅमेरा रिकाम्या दारावर लावून ठेवला, आणि राज्यातल्या लाखो घरांत त्या दाराच्या जागी काय दिसलं ते देव जाणे. मग रशीदा आत आली आणि मागून नाना आणि त्यांचे सोबती. तिनं कलंडलेला बाक उचलला, पण त्यावर त्यांना बसू दिलं नाही. हाताला धरून टीव्हीच्या समोर, पहिल्या सतरंजीवर बसवलं.

"बसा हितं. तुम्ही उठलात की हे डबडं खोटं बोलाय लागतंय."

"मला रस्ता अठरा मीटरचाच हवाय, कमी नाही," नाना म्हणाले.

"मला माहीत हाय. मी घर सोडणार नाही हे तुम्हाला माहीत हाय. भांडू की. पण भांडण खऱ्यावरनं तरी होऊ दे." ती त्यांच्या शेजारी बसली, मधे वीतभर जागा सोडून. मग तिनं वर बघितलं. "आणि तू, हेमे. तुझ्याशी मी कट्टी. माझ्या घरावर बोललीस ते मी मरेस्तोवर विसरणार नाही. पण रोज ऐकणार. बोल."

सात वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. उद्या कार्यक्रम असेल की नाही, कोण जाणे. नवा करार आता कुणी पुढे करणार नव्हतं. पण मिरजेतली ही चाळीस माणसं उद्या सातला एखाद्या विरुद्ध मताच्या शेजाऱ्याला घरी बोलावणार होती, हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. जावई आत्ताच नानांच्या एका सोबत्याला विचारत होता, तुमच्या घरी टीव्ही मोठा आहे का.

हेमलताबाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. सकाळी गाडीत लिहिलेली. 'दोन वर्षांपूर्वी मी बारा पानांचा कागद न वाचता सही केली. तेव्हापासून माझ्या नावावर तुम्ही जे ऐकलंत, त्यातलं कुठलं माझं, ते मलाही माहीत नाही. ती चूक माझी आहे.' चष्मा पुसायचं त्या विसरल्या होत्या. तसाच लावला.

"कालची चूक," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

नानांनी मान पुढे केली. रशीदानं कान टवकारला. दोघांच्या मधली वीतभर जागा तशीच होती, आणि दोघांपैकी कुणी उठत नव्हतं.

एक. दोन. तीन.

"कालची चूक," टीव्ही म्हणाला.